दहाचा तास

पौडला मुळशी तालुक्याच्या कचेरीच्या व्हरांड्यात तुळईला काशाची एक जाड थाळी टांगलेली होती. त्या थाळीलाही तास म्हणत आणि तिच्यावर जे वाजे त्यालाही तासच म्हणत. थाळी कोणती आणि वेळ कोणती, हे वेगळं करून सांगायची पौडात कधी कुणाला गरज पडली नव्हती. तास ऐकून शाळेचं दार उघडायचं, हॉटेलवाला दुसरं आधण ठेवायचा आणि डोंगरातल्या वाड्यांवरून दाखल्यासाठी आलेली माणसं पायऱ्यांवरून उठून धोतरं झटकायची. गावात मनगटी घड्याळं नव्हती असं नाही. पण ज्यांच्याकडे होती तेही तास ऐकूनच काटा पुढंमागं करायचे.

दिवसाचा तास वाजवायचा पीरमहंमद आणि रात्रीचा भिकू. दोघंही कचेरीतले शिपाई. भिकू चाळिशी ओलांडलेला, बोलायला फटकळ. पीरमहंमद साठीला टेकलेला. येत्या मार्चअखेर त्याची नोकरी संपायची होती. सकाळी सहाला भिकू त्याच्या हातात मोगरी द्यायचा, संध्याकाळी सहाला तो भिकूच्या हातात द्यायचा. मोगरी म्हणजे बाभळीचा गोल डोक्याचा लाकडी ठोकळा, मुठीपाशी झिजून झिजून पीरमहंमदच्या बोटांच्या मापाचा झालेला. ही देवघेव सव्वीस वर्षांत चुकली ती फक्त ईदेला आणि भिकूच्या लग्नाला.

कचेरीतलं घड्याळ मामलेदारसाहेबांच्या खोलीत होतं. पहिल्या वर्षी पीरमहंमद दर तासाला दारातून डोकावून ते बघायचा. मग बघायचं सोडलं. फायली नेत असो, चहा आणत असो, कुणाशी वाद घालत असो, वेळ झाली की त्याचे पाय आपसूक व्हरांड्याकडे वळायचे. एका नव्या साहेबांना ते खरं वाटेना. त्यांनी गुपचूप घड्याळ अर्धा तास मागं केलं आणि बसले वाट बघत. तास पडला तो रेडिओच्या वेळेशी बरोबर. साहेबांनी निमूटपणे काटे होते तिथं आणले. “तुला कळतं तरी कसं?” त्यांनी विचारलं. “मला न्हाई कळत साहेब, हाताला कळतं,” पीरमहंमद म्हणाला होता. सगळी कचेरी हसली होती. हे हसणं पुढं त्याच्यावर उलटणार आहे हे त्या दिवशी कुणाला ठाऊक असणार?

सत्त्याहत्तर साल सरत आलं होतं. गोडं तेल, साखर, रॉकेल सगळंच हाताबाहेर चाललं होतं, आणि पगार होता तिथंच बसून होता. केंद्राच्या नोकरांना मिळतो तोच महागाई भत्ता आम्हालाही द्या, एवढंच राज्यातल्या नोकरांचं मागणं होतं. सरकार म्हणत होतं तिजोरीत पैसा नाही. तालुक्याच्या संघटनेचा चिटणीस वाल्मीक नावाचा कारकून होता. सडपातळ, चष्मा लावणारा, अक्षर मोत्यासारखं. तो म्हणाला, “तिजोरी रिकामी असते ती फक्त आपल्या वेळेला.” डिसेंबरात बेमुदत संप ठरला.

ठरलं त्या दिवशी चावडीमागच्या चिंचेखाली सभा झाली. तलाठी, कारकून, शिपाई सगळे आले. वाल्मीकने लेखणी खाली ठेवायची म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तेव्हा भिकू मधेच उठला.

“लेखण्या थांबल्या तर ऐकू कुणाला येणार हाय? त्या चालू असताना तरी कुटं वाजत्यात? तास थांबवा. तास थांबला की गावाला कळंल, संप म्हंजी काय ते.”

तास बंद, ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात आली नव्हती. सगळ्यांनी पीरमहंमदकडे पाहिलं. त्याने क्षणभर आपल्या पायांकडे बघितलं आणि सगळ्यांच्या आधी हात वर केला. तोच उजवा हात.

“मुळशी तालुक्यात फुटीर शून्य,” वाल्मीक म्हणाला. “पुण्याच्या संघटनेच्या फळ्यावर मला हे लिहिलेलं बघायचंय.”

पहिला दिवस उजाडला. सहाला तास पडला नाही. सातला नाही, आठला नाही, नऊलाही नाही. गाव बावरलं. हॉटेलवाल्याचं दूध उतू गेलं, मास्तरांनी प्रार्थना दोनदा घेतली. साडेनऊला संपवाले घरून येऊन कचेरीच्या फाटकाशी छातीवर कागदी बिल्ले लावून उभे राहिले. पीरमहंमद भिकू आणि वाल्मीकच्या मधे उभा होता. सगळ्यांच्या बरोबरीने ओरडत होता, घसा बसेपर्यंत. मुळशीकडं जाणारी पुण्याची यष्टी कोपऱ्यावर वळली आणि तिने भोंगा दिला. ती रोज दहाला यायची.

पीरमहंमद घोषणा देता देता वळला. फाटकातून आत गेला, पाच पायऱ्या चढला, खुंटीवरची मोगरी काढली आणि तास वाजवायला लागला.

पहिले तीन टोले कुणाच्या लक्षातच आले नाहीत. खोटं कशाला सांगा, त्यांच्या कानांनाही तीच सवय होती. चौथ्याला भिकूची घोषणा अर्ध्यावर तुटली. सातव्याला सगळं फाटक मुकं झालं. गावात मात्र लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. दहा टोले पूर्ण करून पीरमहंमदने मोगरी खुंटीला लावली, पायऱ्या उतरला आणि आपल्या जागेवर येऊन उभा राहिला. मग त्याने माणसांची तोंडं पाहिली.

“चाचा, काय केलंत ह्ये?” भिकू म्हणाला.

“काय केलं?” पीरमहंमदने विचारलं. आणि त्याने ते खरोखरच विचारलं होतं. मग त्याची नजर हलणाऱ्या थाळीकडे गेली आणि तो मटकन खाली बसला.

“मी न्हाई रं... हात गेला. यष्टी वाजली आन् हात गेला.”

“पगार घ्यायला बी हातच जाणार व्हय?” भिकू म्हणाला. कुणीतरी हसलं. ते हसणं पूर्वीचं नव्हतं.

आत मामलेदारसाहेबांनी टोले मोजले होते. दुपारी बारापर्यंत किती माणसं कामावर आहेत ते पुण्याला कळवायचं होतं. त्यांनी हजेरीपुस्तक उघडलं, एका नावापुढं ‘हजर’ लिहिलं आणि आकडा कळवला. दुसऱ्या दिवशी वाल्मीक पुण्याच्या संघटनेच्या कार्यालयात गेला, तेव्हा फळ्यावर तालुक्यांची नावं खडूने लिहिली होती. मुळशीपुढं सरकारी आकड्यावरून लिहिलं होतं, फुटीर एक. वाल्मीक संध्याकाळच्या गाडीने परत आला तो फाटकाशी न थांबता सरळ घरी गेला.

पीरमहंमद रोज फाटकाशी जात राहिला, पण बिल्ला कुणी दिला नाही. तो उभा राहिला की त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं हळूच सरकायची. तिसऱ्या दिवशी सगळे यायच्या आधी तो व्हरांड्यात गेला आणि मोगरी धोतराच्या सोग्यात गुंडाळून घरी घेऊन आला. मोगरीच नसली तर हात काय करील, असा त्याचा साधा विचार. पण एका तलाठ्याने त्याला मोगरी नेताना पाहिलं आणि दुपारपर्यंत गावभर झालं की म्हातारा कामावर जायची तयारी करतोय. मामलेदारसाहेबांनी तिजोरीवरच्या बंदूकवाल्या पहारेकऱ्याला तास वाजवायला सांगून पाहिलं होतं. “आमचं काम बंदूक धरायचं,” असं म्हणून त्याने हात झटकले होते. आता तर मोगरीच नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात मोहरमची दहावी तारीख आली. दरवर्षी त्या दिवशी पीरमहंमदच्या दारात सरबताचा रांजण मांडलेला असे. गूळ, बडीशेप, वेलदोडा आणि वरून भिजवलेला सब्जा. कचेरीतली झाडून सगळी माणसं प्यायला यायची, थंडीचे दिवस असले तरी यायची. वाल्मीक सोवळ्यातल्या आईला चुकवून दोन पेले जास्त प्यायचा. त्या वर्षीही त्याच्या बायकोने, रोशनबीने, पहाटे उठून रांजण भरला. ताबूत रस्त्याने गेले, ताशे वाजले, बाजारातली माणसं आली, आळीतली पोरं आली. कचेरीचं एकही माणूस आलं नाही. पलीकडच्या बाजूने भिकू गेला, मान खाली घालून. पीरमहंमद हातात भरलेला पेला धरून दारात उभा होता. उन्हं उतरल्यावर रोशनबीने तो पेला त्याच्या हातातून काढून घेतला.

“जीव जातोय माझा तुमच्याकडं बघून,” ती म्हणाली. सव्वीस वर्षांची माणसं गेली होती, आणि आता मार्चला नोकरी जाणार. मग त्याच्यापाशी उरणार काय, हे त्याला कळत नव्हतं.

मामलेदारसाहेबांनी त्याला बोलावून घेतलं ते नवं साल लागल्यावर. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही.

“पीरमहंमद, संप लांबतोय. वरून सेवेत खंड पाडायची भाषा चालली आहे. तुमचे तीन महिने राहिलेत. खंड पडला तर तुमच्या पेन्शनचं काय होईल ते मी सांगू शकत नाही. तुमची पहिल्या दिवसाची हजेरी लागलेलीच आहे. उद्यापासून या. दुसरं काही करू नका, फक्त तास वाजवा.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “नाहीतरी बाहेरच्यांनी तुम्हाला टाकलंच आहे.”

पीरमहंमदने टेबलावरच्या हजेरीपुस्तकावर बोट ठेवलं.

“साहेब, त्या दिशीची हजेरी खोडा.”

“खोडा? तास वाजवला नव्हता का तुम्ही?”

“हातानं वाजीवला. मी संपावर हुतो.”

साहेबांना हसू आलं आणि ते त्यांनी आवरलं. “हजेरीपुस्तकात हात वेगळा आणि माणूस वेगळा असा रकाना नसतो हो. आणि खोडून उपयोग काय? पुण्याला आकडा गेला तो गेला. बाहेर कुणाला कळणारही नाही.”

“मला ठावं ऱ्हाईल की.”

शेवटी साहेबांनी त्याच्याकडून अर्ज लिहून घेतला, की अमुक तारखेला मी कामावर हजर नव्हतो. त्याला फक्त नाव लिहिता यायचं. त्याने ते सावकाश, एकेक अक्षर कोरून लिहिलं. साहेबांनी ‘हजर’वर रेघ मारून वर ‘गैरहजर’ लिहिलं आणि म्हणाले, “इतक्या वर्षांत लोक गैरहजेरी पुसून घ्यायला आलेले पाहिले. हे पहिल्यांदाच पाहतोय.”

घरी त्याने रोशनबीला सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. पेन्शनच्या भरवशावर घरावरचे पत्रे बदलायचे ठरले होते. मग थोड्या वेळाने ती म्हणाली, “केलं ते केलं. पण मग जावा, सांगा त्यांला. सायबाचा कागुद हाय म्हणावं.”

“कागुद दावून माझ्या मान्सांला पटवू? सव्वीस वरीस काय कागुद दावून त्यांच्यात बसलो?” तो इतक्या जोरात कधी बोलला नव्हता. रोशनबीने पुन्हा तो विषय काढला नाही.

त्या दिवसापासून त्याने हाताला वळण लावायला घेतलं. दर तासाला, वेळ होत आली की डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून बसायचा. हात उसळायचा, तो धरून ठेवायचा. मनगटावर नखांचे व्रण उठले. रोशनबी बघायची आणि चुलीकडे तोंड फिरवायची.

जानेवारी संपता संपता त्याला ताप भरला. तीन दिवस उतरेना. फाटकाशी तो दिसला नाही, आणि लोकांनी त्याचाही अर्थ लावला. सोमवारपासून कचेरीत तास वाजणार, म्हातारा आत जाणार, अशी कुजबुज सुरू झाली. इकडे संपवाल्यांची घरं पोटाला चिमटा घेऊन दिवस ढकलत होती. चाळीस-पंचेचाळीस दिवस पगार नाही. भिकूच्या बायकोने नथ मोडली होती. अशा वेळी तास वाजला तर माणसं मोडतील, हे वाल्मीकला कळत होतं. “भिकू, तू जा आणि मोगरी घेऊन ये,” तो म्हणाला. “मागून दिली तर मागून, नाहीतर हिसकून.”

भिकू रागानेच निघाला. सकाळचं ऊन अंगणात आलं होतं. दारात रोशनबी उभी होती.

“मोगरी कुटं हाय, चाची?”

ती आत गेली. ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून तिने एक गाठोडं काढलं. जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं, गाठीवर गाठ.

“घिऊन जा बाबा. मला म्हणलं हुतं, मी मागितली तरी दिऊ नगंस. मी पाया पडलो तरी दिऊ नगंस. म्हणून कणगीच्या तळाला घातली.”

भिकू गाठोडं हातात घेऊन तसाच उभा राहिला. आत खाटेवर पीरमहंमद डोळे मिटून पडला होता. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. भिकूला जवळ जायचं नव्हतं, तरी गेला. “चाचा,” त्याने हाक मारली. तापाच्या गुंगीत म्हाताऱ्याला कशाचीच शुद्ध नव्हती. घरात घड्याळ नव्हतं आणि बाहेर कुत्रंही भुंकत नव्हतं.

गोधडीतून उजवा हात बाहेर आला. बोटं मिटली, अशी मिटली की मोगरीची मूठ मावेल एवढी जागा आत राहिली. हात वर गेला आणि खाटेच्या कडेवर पडला. ठक्. पुन्हा वर गेला. ठक्. दोन टोल्यांत तेवढंच अंतर, थाळीचा आवाज विरायला लागतं तेवढं. पीरमहंमदचे डोळे मिटलेलेच होते. डावा हात चाचपडत उजव्या मनगटाकडे आला, धरायला गेला, पण त्यात जोर नव्हता. भिकू नकळत ओठांत मोजत होता. सात. आठ. नऊ. दहा. हात थांबला, उघडला आणि गोधडीवर पडून राहिला.

त्याच वेळी कोपऱ्यावर यष्टीचा भोंगा वाजला.

भिकू खाली बसला. त्याने खाटेच्या कडेवर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखा रडला. “मी बोललो रं तुला. पगाराचं मी बोललो,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. चाचा म्हणायचंही त्याला भान राहिलं नाही. रोशनबी दाराला टेकून उभी होती. तिने त्याला गप्प केलं नाही. अकराला तो तिथंच होता. बारालाही होता. बाराचे टोले त्याने म्हाताऱ्याचा हात आपल्या तळहातावर घेऊन झेलले.

दुपारी त्याने चिंचेखाली सगळं सांगितलं. काहींना पटलं, काही म्हणाले तापात माणूस काहीही करतं. वाल्मीक चष्मा पुसत राहिला. मग उठून एकटाच पीरमहंमदच्या घरी गेला आणि पुण्याहून डॉक्टर आणायची व्यवस्था करूनच परतला. पुण्याच्या फळ्यावरचा ‘एक’ मात्र तसाच राहिला, खडू पुसायला कोण जाणार? सोमवारी तास वाजला नाही. कणगीतून निघालेली मोगरी तोवर भिकूच्या घरात होती.

संप चोपन्न दिवसांनी मिटला. त्या दिवसांच्या पगाराचं, पेन्शनचं पुढं सगळ्यांचं जे झालं तेच पीरमहंमदचंही झालं. वेगळं काही त्याने मागितलं नव्हतं आणि त्या अर्जाची गोष्ट त्याने कुणाला सांगितलीही नाही.

कामावर जायच्या सकाळी माणसं फाटकातून गुलाल लावून आत आली. पीरमहंमद काठी टेकत आला. वाल्मीकने स्वतः त्याच्या सदऱ्याला बिल्ला लावला, जुना, कडा चुरगळलेला. “तास चाचांनीच सुरू करायचा,” तो म्हणाला. भिकूने दोन्ही हातांनी मोगरी पुढं केली. सगळे व्हरांड्यासमोर गोळा झाले. गावातलीही माणसं आली. शाळा, हॉटेल, बाजार, सगळे कान लावून होते.

पीरमहंमद थाळीपुढं उभा राहिला. माणसं वाट बघत होती. तोही वाट बघत होता. त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. हात मोगरी धरून गप्प होता. त्या दिवशी यष्टीला उशीर झाला होता, भोंगा वाजला नव्हता. बराच वेळ गेला. कुणीतरी खाकरलं. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ आला, मग भीती, आणि मग त्याला कळलं. हाताला त्याने थांबायला शिकवलं होतं, आणि हात शिकला होता.

तो भिकूकडे वळला. सव्वीस वर्षांत जे त्याने कुणाला विचारलं नव्हतं ते हळूच विचारलं.

“किती वाजलं रं?”

भिकूने वाल्मीकच्या मनगटावरचं घड्याळ बघितलं. “दहा झालं, चाचा,” तो म्हणाला. “वाजवा.”

पीरमहंमदने एकेक मोजत दहा टोले दिले. मार्चअखेरपर्यंत रात्रीची पाळी संपवून भिकू घरी जायचा नाही. व्हरांड्याच्या पायरीवरच डुलक्या घेत बसायचा आणि दर तासाला उठून साहेबांच्या खोलीतलं घड्याळ बघून येऊन पीरमहंमदला सांगायचा.